पहिल्या सिम्फनीनंतर तीन वर्षं गप्प झालेला संगीतकार : सर्गेई राखमानिनोव

सेंट पीटर्सबर्ग, २७ मार्च १८९७. सभागृहात एका नव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग सुरू होता आणि ती लिहिणारा तरुण आपल्या खुर्चीवर नव्हताच. तो बाहेर जिन्यात बसला होता आणि मधूनमधून कानांवर हात ठेवत होता. सूर संपले तसा तो तिथून पळाला आणि रस्त्यावर भटकत राहिला.

त्या तरुणाचं नाव सर्गेई राखमानिनोव. वय २३. आज त्यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो जगभर वाजतो. पण त्या रात्रीनंतर जवळपास तीन वर्षं त्यांच्या हातून म्हणावं असं काहीच लिहून झालं नाही.

तोपर्यंत त्यांनी बहुतेक कौतुकच ऐकलं होतं. घरची जमीनजुमल्याची श्रीमंती वडिलांच्या काळात संपली होती, आईवडील वेगळे झाले होते, पण मॉस्कोच्या संगीत विद्यालयात हा मुलगा चमकला. एका परीक्षेत परीक्षक म्हणून बसलेल्या चायकोव्हस्कींनी त्यांना सर्वोच्च म्हणजे ५ गुण दिले आणि वर त्या आकड्याभोवती चार अधिक चिन्हं काढली. १८९२ मध्ये राखमानिनोव सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. पुढच्याच वर्षी त्यांचा एकांकी ऑपेरा 'आलेको' बोल्शोई थिएटरात झाला, तेव्हा चायकोव्हस्की स्वतः टाळ्या वाजवायला हजर होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले आणि पाठीवर हात ठेवणारा सर्वांत मोठा माणूस गेला.

सिम्फनीच्या प्रयोगाची तयारीच मुळात अपुरी होती. एकाच कार्यक्रमात अनेक नव्या रचना, त्यामुळे तालमीला वेळ कमी. संचालन करणारे ग्लाझुनोव त्या रात्री प्यायलेले होते, असं राखमानिनोव यांच्या पत्नीने पुढे सांगितलं. ते खरं की खोटं, हा वाद आजही मिटलेला नाही. सेझार कुई या संगीतकार-समीक्षकाने तर वर्तमानपत्रातून फडशाच पाडला. नरकात संगीताचं विद्यालय असतं आणि तिथल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याने इजिप्तवर कोसळलेल्या बायबलमधल्या अरिष्टांवर सिम्फनी लिहिली असती, तर ती अशीच झाली असती, असा त्या लेखाचा सूर होता. पीटर्सबर्ग आणि मॉस्को इथल्या संगीतकारांमध्ये तेव्हा चुरस होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण खरी मेख पुढेच आहे. काही आठवड्यांनी एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात राखमानिनोव यांनी कळवलं की अपयशाचं किंवा वर्तमानपत्रांतल्या शिव्यांचं त्यांना फारसं काही वाटलेलं नाही. सलत होतं ते वेगळंच. जी सिम्फनी त्यांना इतकी आवडत होती, ती पहिल्या तालमीनंतर त्यांची त्यांनाच आवडेनाशी झाली होती. हे कितपत खरं मानायचं, हा प्रश्न आहे. टीका लागली नाही म्हणणारा माणूस पुढची तीन वर्षं लिहायला बसू शकत नाही, याचा अर्थ ती बहुधा त्याच्या स्वतःच्या मताचं रूप घेऊनच आत शिरलेली असते.

पोटापाण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, मॉस्कोतल्या मामोंतोव यांच्या खासगी ऑपेरात संचालन केलं. तिथे गायक शाल्यापिन यांच्याशी आयुष्यभराची मैत्री जमली. ही कामं उत्तम होत होती. अडत होतं ते फक्त कोऱ्या कागदापुढे.

धीर यावा म्हणून हितचिंतकांनी त्यांची टॉलस्टॉय यांच्याशी गाठ घालून दिली. झालं उलटंच. १९०० च्या सुरुवातीला शाल्यापिन यांनी राखमानिनोव यांचं एक गीत टॉलस्टॉय यांच्या घरी गाऊन दाखवलं, तेव्हा त्या थोर लेखकाने असल्या संगीताची कुणाला गरज तरी आहे का, अशी पृच्छा केली. ज्यांना देव मानत होते, त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळालं.

शेवटी नातेवाइकांनी त्यांना डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे पाठवलं. जानेवारी ते एप्रिल १९०० या काळात उपचार चालले. राखमानिनोव आरामखुर्चीत अर्धवट झोपेत असत आणि डॉक्टर रोज तेच ते सांगत राहत: तुम्ही कॉन्चेर्टो लिहायला घ्याल, तो सहज लिहून होईल आणि उत्तम होईल. डाल स्वतः हौशी वादक होते, दोघांच्या संगीतावर गप्पाही होत. संमोहनाने किती काम केलं आणि समजूतदार माणसाच्या सोबतीने किती, ते वेगळं काढणं अवघड आहे. त्या उन्हाळ्यात राखमानिनोव इटलीला गेले आणि पुन्हा लिहू लागले.

दुसऱ्या कॉन्चेर्टोचे शेवटचे दोन भाग डिसेंबर १९०० मध्ये वाजले, संपूर्ण रचना नोव्हेंबर १९०१ मध्ये. पियानोवर ते स्वतः होते. अर्पणपत्रिकेवर डॉ. डाल यांचं नाव आहे. पण गंमत पाहा, प्रयोगाला जेमतेम पाच दिवस उरले असताना एका मित्राने पहिल्या भागात खोट काढली आणि राखमानिनोव यांना लगेच सगळा भागच टाकाऊ वाटू लागला. लोकांनी मात्र तो डोक्यावर घेतला.

ही जखम पुरती भरलीच नाही. १९१७ मध्ये क्रांतीनंतर रशिया सोडून ते अमेरिकेत जगप्रसिद्ध पियानोवादक झाले, तरी १९३१ साली लिहिलेल्या एका रचनेची २० रूपं वाजवताना ते श्रोत्यांच्या खोकण्याकडे कान ठेवून असत. खोकला वाढला की पुढचं रूप गाळून टाकत. एका लहान गावात तर जेमतेम १० वाजवली गेली.

ती पहिली सिम्फनी त्यांनी कधीच प्रसिद्ध केली नाही. मूळ हस्तलिखित रशियातच राहिलं आणि हरवलं. १९४० मध्ये 'सिम्फॉनिक डान्सेस' या आपल्या शेवटच्या रचनेच्या पहिल्या भागाच्या अखेरीस त्यांनी त्याच सिम्फनीचा स्वरसमूह गुपचूप गुंफला. १८९७ मध्ये जो उग्र होता, तो इथे अगदी शांत होऊन येतो. तेव्हाच्या श्रोत्यांना तो ओळखू येणं शक्यच नव्हतं.

२८ मार्च १९४३ रोजी राखमानिनोव यांचं निधन झालं. थोड्याच काळात लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयात वादकांच्या हातातल्या त्या जुन्या प्रती सापडल्या. त्यांवरून सिम्फनी पुन्हा जुळवली गेली आणि १७ ऑक्टोबर १९४५ रोजी मॉस्कोत दुसऱ्यांदा वाजली. यावेळी ती लोकांना आवडली.