आठ आण्यांत लग्न झालं आणि पु. ल. रत्नागिरीचे जावई झाले

आज लग्न म्हटलं की हॉल, केटरर, फोटोग्राफर आणि शेवटी लाखांतलं बिल. पण १२ जून १९४६ या दिवशी रत्नागिरीत एक लग्न झालं, त्याचा खर्च होता आठ आणे. तोही नोंदणीच्या छापील फॉर्मचा.

ना मांडव, ना अंतरपाट, ना मंगलाष्टकं. नवरीच्या घरीच सह्या झाल्या आणि लग्न लागलं.

नवरीचं नाव सुनीता ठाकूर. नवरदेव होते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. ज्यांना पुढे अख्खा महाराष्ट्र पु. ल. म्हणून ओळखू लागला आणि घरचे-मित्र ज्यांना भाई म्हणायचे, ते.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. घरात पुस्तकं होती, गाणं होतं, पेटी होती. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ऋग्वेदी या नावाने लिहायचे. पैसा मात्र बेताचाच. त्यामुळे शिकता शिकता शिकवण्या आणि नोकऱ्या करणं चुकलं नाही.

पु. लं.चं हे दुसरं लग्न होतं. पहिलं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत पत्नीचं आजारपणात निधन झालं. सतत हसवणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातली ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते.

त्यानंतर मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवताना त्यांची ओळख सुनीताबाईंशी झाली. सुनीताबाई मूळच्या मालवणजवळच्या धामापूरच्या ठाकूर घराण्यातल्या. वडील रत्नागिरीत वकील. ४२ च्या चळवळीत त्यांनी काम केलं होतं. स्वभाव स्वतंत्र, मतं ठाम. लग्न नावाच्या बंधनाची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं. लग्नाचा आग्रह पु. लं.चा होता. अखेर त्या तयार झाल्या, पण लग्न नोंदणी पद्धतीनेच होणार होतं.

अशा रीतीने पु. ल. रत्नागिरीचे जावई झाले आणि मराठी साहित्याला अंतू बर्वा मिळाला.

'व्यक्ती आणि वल्ली' वाचलेल्यांना आठवत असेल. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला हा अंतू लेखकाला भेटतो तो लेखक म्हणून नाही, तर गावचा जावई म्हणून. कोकणी माणसाचा तिरकसपणा, गरिबी झाकायची त्याची धडपड आणि आत दडवलेला ओलावा हे सगळं पु. लं.नी टिपलं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला गावातले लोक इतकं सांगतात कधी? जेव्हा तो ओट्यावर बसून त्यांचं ऐकून घेतो तेव्हा.

माणसं जमवणं हा पु. लं.चा छंद नव्हता, तो स्वभावच होता. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याशी त्यांची मैत्री होती. बाबा आमटेंच्या आनंदवनाशी जवळचं नातं होतं. बंगाली शिकायची म्हणून पन्नाशीत ते शांतिनिकेतनात जाऊन राहिले.

घरच्या माणसांवरही त्यांनी तेवढ्याच मायेने लिहिलं. त्यांचं 'गणगोत' उघडलं की त्यात आजोबा ऋग्वेदी भेटतात आणि सुनीताबाईंचा छोटा भाचा दिनेशही भेटतो. पु. ल. आणि सुनीताबाईंना मूल नव्हतं. पण दिनेशवरचा लेख वाचताना लहान मुलात रमणारा भाईकाका समोर दिसतो.

पण एवढी माणसं, एवढ्या मैफली आणि एवढे प्रयोग म्हटल्यावर घर कोण चालवत होतं?

उत्तर आहे, सुनीताबाई.

साठच्या दशकात 'बटाट्याची चाळ' आणि 'वाऱ्यावरची वरात' यांनी थिएटरं हाऊसफुल्ल केली. स्टेजवर पु. ल. टाळ्या घ्यायचे आणि मागची सगळी व्यवस्था सुनीताबाई बघायच्या. हस्तलिखितं, करार, हिशेब, पत्रव्यवहार, पाहुणे सगळं त्यांच्याकडे. प्रवासात गाडीही त्याच चालवायच्या. बोरकर-मर्ढेकरांच्या कविता वाचायला मात्र दोघं मिळून स्टेजवर बसायचे.

याची किंमतही सुनीताबाईंनीच मोजली. सगळ्यांना पु. ल. हवे असायचे आणि सगळ्यांना नाही म्हणायचं काम सुनीताबाईंच्या वाट्याला यायचं. त्यामुळे पु. ल. लाडके आणि सुनीताबाई कडक, अशी दोघांची ओळख पक्की झाली.

१९९० मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि महाराष्ट्राला धक्का बसला. सगळ्यांचा लाडका माणूस घरात किती स्वतःतच रमलेला असतो, संसाराच्या कटकटींपासून कसा लांब राहतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं होतं. काहींना हे पुस्तक आवडलं नाही, तर अनेक बायकांना त्यात आपलंच घर दिसलं.

तोवर त्यांच्या संसाराला ४४ वर्षं झाली होती. हे पुस्तक आल्यानंतरही तो संसार तसाच चालू राहिला.

या संसारातली आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. नाटकांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा दोघांनी स्वतःवर उधळला नाही. त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढलं आणि तो पैसा समाजाकडे वळवला. देताना गाजावाजा करायचा नाही, हा नियमच होता.

ऐंशीच्या दशकात अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात अडकलेल्या तरुण पोरांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी अवचटांना विचारणा केली आणि एक लाख रुपये देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. आजही व्यसनात अडकलेल्यांचे घरचे लोक मोठ्या आशेने मुक्तांगणची पायरी चढतात.

शेवटच्या काही वर्षांत पु. लं.ना पार्किन्सन्सने गाठलं. पेटीवर लीलया फिरणारी बोटं थरथरू लागली. माणसांत रमणाऱ्या माणसाचं जग घरापुरतं उरलं. त्या काळात त्यांचं पथ्य-पाणी, औषधं आणि भेटायला येणारी माणसं हे सगळं सुनीताबाईंनीच सांभाळलं.

१२ जून २००० रोजी पुण्यात पु. लं.नी अखेरचा श्वास घेतला. तारीख नीट बघा. चोपन्न वर्षांपूर्वी याच तारखेला रत्नागिरीत त्या आठ आण्यांच्या फॉर्मवर सह्या झाल्या होत्या.

पु. लं.च्या मागे सुनीताबाई नऊ वर्षं जगल्या. त्यांनी पु. लं.च्या लेखनाचे हक्क आणि हिशेब तितक्याच काटेकोरपणे सांभाळले. पुण्याच्या आयुकामध्ये मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून जी इमारत उभी राहिली, तिलाही त्यांनी मदत केली. तिचं नाव आहे पुलस्त्य.

७ नोव्हेंबर २००९ रोजी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पु. लं.चा जन्मदिवस होता.

पु. लं.चे विनोद आज रील्समधून फिरतात, अंतू बर्वा नव्या पोरांनाही पाठ असतो. पुढच्या वेळी तो ऐकाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की मधल्या आळीची ही ओळख पु. लं.ना एका रत्नागिरीकर बाईमुळे झाली होती. आणि पुढची चोपन्न वर्षं पु. ल. महाराष्ट्राला मोकळेपणाने भेटू शकले, त्यामागेही तीच बाई होती.