जोसेफ लिस्टर : जखमेवरची पट्टी निर्जंतुक करणारे सर्जन

ऑगस्ट १८६५. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत ११ वर्षांच्या जेम्स ग्रीनलीसला आणले गेले. गाडीचे चाक पायावरून गेले होते. हाड मोडले होते आणि वर उघडी जखम होती. अशा जखमेत त्या काळी बहुतेक वेळा पू व्हायचा. मग पाय कापावा लागे, नाहीतर जीव जाई.

त्याच्यावर उपचार करणारे जोसेफ लिस्टर १८२७ साली इंग्लंडमध्ये जन्मले. वडील वाइनचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारून नाव कमावलेले. डोळ्यांना न दिसणारे जग या घरात परके नव्हते. रुग्णालयात मात्र एकच स्पंज एका रुग्णाच्या जखमेवरून दुसऱ्याच्या जखमेवर फिरे, आणि दोष दूषित हवेला दिला जाई. लुई पाश्चर यांचे संशोधन वाचून लिस्टर यांना उमगले, की जखम सडते ती जंतूंमुळे.

कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक अ‍ॅसिड वापरत. त्यातच भिजवलेले कापड त्यांनी जेम्सच्या जखमेवर बांधले. चार दिवसांनी पट्टी सोडली तर पू नव्हता. कातडी मात्र औषधानेच हुळहुळली होती, म्हणून पुढे ते पातळ करून वापरले. (अँटिसेप्टिक पाणी न घालता जखमेत ओतणारे नातेवाईक मला अजूनही भेटतात.) सहा आठवड्यांत हाड जुळले.

ही पद्धत येण्यापूर्वी लिस्टर यांच्याकडे अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नंतरच्या ४० पैकी ६.

हवेतले जंतू मारायला ते कार्बोलिकचा फवाराही मारत. १८९० मध्ये त्यांनी तो चुकीचा होता असे उघडपणे मान्य केले. खरा धोका जखमेला लागणाऱ्या हातांचा, हत्यारांचा आणि पट्टीचा होता. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता गॉजचे पॅड कारखान्यातच निर्जंतुक होऊन बंद पाकिटात येते. पाकीट फाटले, भिजले किंवा त्यावरची तारीख उलटली, की आतले पॅड निर्जंतुक धरू नका. उघडलेल्या पाकिटातले उरलेले पॅड उद्याच्या ड्रेसिंगसाठी ठेवू नका. हात धुऊन, फक्त कडेला धरून ते उचला. आणि रुग्णाखाली अंथरायचे अंडरपॅड दिसायला तसेच पांढरे असले, तरी ते सहसा निर्जंतुक केलेले नसते. ते कापून जखमेवर बांधू नका.