विश्लेषण : शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबरावांनी काय केले?

चिखलीचे श्री शिवाजी महाविद्यालय असो वा बुलढाण्याचे जिजामाता महाविद्यालय, दोन्ही अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची. ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचेच नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आहे. बुलढाणा जिल्हाही याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या या नेत्याने शाळांवर इतका भर का दिला?

कर्ज काढून शिक्षण

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात झाला. वडील शामराव यांनी कर्ज काढून मुलाला इंग्लंडला पाठवले. वैदिक साहित्यातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले, बॅरिस्टरही झाले. मात्र वऱ्हाडातल्या बहुतेक कुणबी-मराठा मुलांना तालुक्याच्या गावी राहून शिकणेही परवडत नव्हते. म्हणून परतल्यावर त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले.

१९२७ चे वऱ्हाड

वऱ्हाडात तेव्हा सत्यशोधक विचारांचे वारे होते. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी लिहिलेले महात्मा फुले यांचे चरित्र १९२७ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला आणि पंजाबराव त्यात पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

सत्ता कशासाठी?

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षणाला पैसा हवा म्हणून त्यांनी करवाढीचा अप्रिय निर्णय घेतला. १९३० मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. देवस्थानांच्या संपत्तीचा लोकोपयोगी कामासाठी वापर व्हावा, यासाठी त्यांनी विधेयक आणले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. सावकारी कर्जात तडजोड घडवणाऱ्या कर्ज लवाद कायद्यासाठीही ते झटले. हा कायदा १९३३ मध्ये आला. शिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची. कर्ज आणि अडाणीपणा एकमेकांना पोसतात, ही त्यांची धारणा या दोन्ही कामांमागे दिसते.

दिल्लीतली दहा वर्षे

संविधान सभेत त्यांनी शेतकरी आणि मागास समाजांची बाजू मांडली. १९५२ मध्ये ते अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि १९६२ पर्यंत केंद्रात कृषी खाते सांभाळले. अन्नटंचाईच्या त्या काळात त्यांनी भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार केला. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते.

मागे काय राहिले?

१० एप्रिल १९६५ रोजी पंजाबरावांचे निधन झाले. अकोल्यातले कृषी विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाले. ते त्यांना पाहता आले नाही. आज सिंदखेडराजा किंवा मेहकरच्या शेतकऱ्याची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात पदवी घेते, तेव्हा तिच्या वडिलांना त्यासाठी शेत गहाण टाकावे लागू नये, हाच पंजाबरावांच्या कामाचा हेतू होता. तो किती साधला, याचा हिशेब मात्र कर्जात बुडालेल्या विदर्भाला अजून मांडायचा आहे.