काळाची पारख आणि बाबूराव शेडमाके



पवित्र शास्त्रातील पहिल्या इतिहास ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात एक लांबलचक यादी आहे. शौल राजानंतर इस्राएलच्या वंशांचे सरदार हेब्रोनला दाविदाकडे आले, त्यांची ही मोजदाद. ३२ व्या ओवीत इस्साखार वंशाचे २०० प्रमुख येतात. त्यांना काळाची पारख होती आणि सारे भाऊबंद त्यांच्या शब्दात होते. म्हणजे प्रमुखाने निष्ठा ठरवली की साऱ्या वंशाची ठरली. ही ओवी समजण्यासाठी आपल्या शेजारच्या चांदा भागातील एक जीवन पाहू.

बाबूराव शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातील किष्टापूर येथे गोंड घराण्यात झाला. ते मोलमपल्लीचे जमीनदार होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा केले आणि निष्ठा कोणाशी, हा प्रश्न प्रत्येक जमीनदारापुढे उभा राहिला. बाबूरावांनी तरुण गोळा केले आणि मार्च १८५८ मध्ये राजगड घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच माणसांनी बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे २५. जप्त झालेल्या जमीनदारीतील गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. २००९ मध्ये भारतीय टपाल खात्याने बाबूरावांचे तिकीट काढले.

लक्ष्मीबाईंवर इंग्रजांचा दबाव होता. त्यांच्या मनातले देव जाणे. निवाडा करणारे आपण कोण? पण इस्साखारचे सरदारही शौलाचे घराणे सोडूनच आले होते. मग फरक काय? तो याच अध्यायात आहे. आपल्याकडे येणाऱ्यांना दाविदाने आधी विचारले होते, की तुम्ही मित्र म्हणून आलात की मला शत्रूच्या हाती द्यायला? हेब्रोनला आलेले सरदार उघडपणे, एका मनाने आले. कोणाला धरून देऊन त्यांनी आपली जागा राखली नव्हती.

काळाची पारख म्हणजे वारा पाहून पाठ फिरवणे नव्हे. घरात, समाजाच्या बैठकीत, निवडणुकीत आपल्याही शब्दावर चार माणसे चालतात. बाजू घेण्याआधी स्वतःला विचारू या : याची किंमत कोण मोजणार? मी, की माझा भाऊ?

प्रभू आपणा सर्वांना एकनिष्ठ मन देवो.

आपला धर्मगुरू