वाशिममध्ये साहित्याचं लग्न लावणारा राजशेखर, ज्यानं ११०० वर्षांपूर्वीच लेखकांचं टाइमटेबल लिहून ठेवलं होतं

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन नावाचं गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी देशभरातून जैन भाविक इथं येतात. त्यातल्या अनेकांचा प्रवास वाशिमवरून होतो. पण या वाशिममध्ये साहित्याचं लग्न लागलं होतं, हे फार कमी लोकांना माहितीये.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. गोष्ट अशी की, सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष, आईनं ब्रह्मलोकात सोबत नेलं नाही म्हणून रुसून निघून गेला. त्याला अडवायला गौरीनं साहित्यविद्या नावाची नवरी निर्माण केली आणि त्याच्या मागं धाडली. पूर्वेकडचे देश झाले, पांचाल झाला, अवंती झाली, पण पठ्ठ्या काही पुरता वश होईना. शेवटी विदर्भात तो विरघळला आणि वत्सगुल्ममध्ये दोघांचा गांधर्वविवाह झाला.

ही गोष्ट 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात येते. लिहिणारा होता राजशेखर.

राजशेखरचा काळ साधारण इसवी सन ९०० च्या आसपासचा. त्याचं यायावर घराणं महाराष्ट्रातलं. पणजोबा अकालजलद हे नावाजलेले कवी, त्यामुळं लिखाण घरातच होतं. पण राजशेखरचं करिअर घडलं ते उत्तरेत, कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात. राजा महेंद्रपालाचा तो गुरू होता. पुढं जबलपूरजवळच्या त्रिपुरीला कलचुरी राजांकडंही त्यानं नाटक केलं. आत्मविश्वास तर विचारू नका. वाल्मीकीच पुढच्या जन्मी भर्तृमेंठ, मग भवभूती आणि आता राजशेखर होऊन आलाय, असं तो स्वतःच सांगायचा.

त्याची बायको अवंतिसुंदरी चाहमान घराण्यातली आणि स्वतः विदुषी होती. 'कर्पूरमंजरी' हे त्याचं प्राकृतातलं गाजलेलं नाटक तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आलं. 'काव्यमीमांसे'त तो तिची मतं तिच्या नावानिशी देतो, तीही इतर आचार्यांच्या मतांच्या पंगतीला बसवून. बायकाही पुरुषांसारख्याच कवी होऊ शकतात, हे त्यानं तेव्हाच स्पष्ट लिहून ठेवलंय.

आता मुद्द्याचं. 'काव्यमीमांसा' हे चक्क लेखकांसाठीचं गाइड आहे. प्रतिभा हवीच, पण रोज बसून लिहिल्याशिवाय काही खरं नाही, असं राजशेखरचं म्हणणं. त्यानं दिवसाचे आणि रात्रीचे चार-चार प्रहर करून टाइमटेबल बनवलं. पहिल्या प्रहरात अभ्यास, दुसऱ्यात लेखन. दुपारच्या जेवणानंतर मित्रांसोबत काव्यचर्चा. चौथ्या प्रहरात सकाळी लिहिलेलं पुन्हा वाचायचं, एकट्यानं किंवा मोजक्या माणसांत. कारण लिहिताना माणूस रंगात आलेला असतो, त्याला चुका दिसत नाहीत. जास्तीचं काढायचं, कमी पडलं ते भरायचं, जागा चुकलेलं हलवायचं आणि रात्री त्याची स्वच्छ प्रत काढायची. थोडक्यात, एडिटिंगसाठी त्यानं रोजचा अख्खा प्रहर राखून ठेवला होता. हाताशी काय असावं, तेही सांगितलंय : पाटी, खडू, दौत, लेखणी, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं. आणि हो, घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीसुद्धा!

अर्धवट लिहिलेलं कुणाला वाचून दाखवू नका, असं तो बजावतो. नवीन रचना एकट्या माणसासमोर तर मुळीच म्हणू नका. उद्या त्यानं ती स्वतःच्या नावावर खपवली, तर साक्षीदार कुठून आणणार?

छापखाना नव्हता त्या काळात लिखाण लोकांपर्यंत पोहोचायचं ते सभेत म्हणून आणि हातानं प्रती काढून. म्हणून लेखन पूर्ण झालं की त्याच्या अनेक प्रती करा, हा त्याचा आग्रह. पुस्तक नष्ट कसं होतं, याचीही त्यानं यादी दिलीये. कुणाकडं ठेवायला दिलं, विकलं, दान केलं, देश सोडला, आयुष्य कमी पडलं, आग लागली, पाण्यात गेलं. नंतर पूर्ण करू, नंतर सुधारू, मित्रांशी बोलून मग ठरवू, ही चालढकलही त्याच यादीत आहे.

दुसऱ्याचं ढापण्यावर त्यानं सविस्तर प्रकरणं लिहिली. शब्द उचलणं वेगळं, कल्पना उचलणं वेगळं, आणि उचललेल्यात भर घालून नवं काही करणं आणखी वेगळं. मजा म्हणजे यावर अवंतिसुंदरीचं मत बरंच सैल होतं. मूळ कवी अप्रसिद्ध असेल आणि घेणारा नावाजलेला असेल, तर घेणाऱ्याला सबबी सापडतातच, असा तिचा सूर.

पुढं बाराव्या शतकात गुजरातमध्ये जैन आचार्य हेमचंद्रांनी 'काव्यानुशासन' लिहिलं. त्यात 'काव्यमीमांसे'तले लांबच्या लांब उतारे आले.

मूळ ग्रंथ मात्र नजरेआड गेला. राजशेखरनं अठरा भागांची योजना आखली होती, त्यातला आज हाती आहे तो फक्त पहिला, 'कविरहस्य'. वत्सगुल्मच्या लग्नाची गोष्ट याच भागात आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. आणि हा भाग सापडला कुठं? पाटणच्या जैन ग्रंथभांडारांत. त्या भांडारांची पाहणी करताना चिमणलाल दलाल यांच्या हाती तो लागला. पुढं दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री यांनी त्याचं संपादन केलं. १९१६ साली बडोद्याला गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, तेव्हा तिचा पहिला क्रमांक 'काव्यमीमांसे'ला मिळाला. लिहून झाल्यावर साधारण हजार वर्षांनी राजशेखरचं गाइड छापून आलं.