प्रवाळांचा अभ्यासक विल्यम सेव्हिल-केंट

वाचकहो, आपण बेटावरची माणसे. समुद्र आपल्या दारातच आहे. ब्लू बेच्या काचेच्या तळाच्या होडीत बसून खालची पोवळी पाहिली नाहीत, असे आपल्यात थोडेच असतील. परंतु ही पोवळी म्हणजे दगड नव्हेत, झाडे नव्हेत, तर लहान लहान जीवांच्या वसाहती आहेत, हे लोकांच्या डोळ्यांपुढे स्पष्टपणे कोणी आणले, हे फार जणांना ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफचे, म्हणजेच त्या प्रचंड प्रवाळभिंतीचे, छायाचित्रांसह वर्णन करणारे विल्यम सेव्हिल-केंट यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगणार आहोत. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून प्रवाळ जगवण्याची ज्यांना हौस आहे, त्यांना तर या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

विल्यम यांचा जन्म 10 जुलै 1845 रोजी इंग्लंडमधील सिडमथ या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील कारखान्यांचे सरकारी तपासनीस होते. विल्यम लहान असतानाच, 1852 साली, आई वारली आणि वडिलांनी घरातल्या शिक्षिकेशीच दुसरे लग्न केले. सावत्र आईच्या घरात विल्यम आणि त्यांच्याहून थोडी मोठी असलेली बहीण कॉन्स्टन्स यांचा एकमेकांवरच जीव होता. 1856 साली ही दोघे भावंडे घरातून पळाली. बहिणीने केस कापून मुलाचा वेष घेतला होता. जहाजावर चढून दूर जायचे असा बेत होता, पण बाथ शहरात दोघे पकडली गेली.

चारच वर्षांनी त्या घरावर घोर संकट कोसळले. 1860 च्या जून महिन्यात त्यांचा सावत्र भाऊ, चार वर्षेही पूर्ण न झालेला बालक, रात्री बिछान्यातून नाहीसा झाला आणि सकाळी त्याचा खून झाल्याचे आढळले. सारे इंग्लंड हादरले. संशय कॉन्स्टन्सवर आला, पण पुराव्याअभावी ती सुटली. 1865 साली तिने आपण होऊन गुन्हा कबूल केला. तिला फाशीची शिक्षा झाली व पुढे ती जन्मठेपेत बदलली गेली. तिने भावाला वाचवण्यासाठी सारा दोष स्वतःवर घेतला असावा, अशी शंका पुढे काही अभ्यासकांनी घेतली आहे. परंतु सिद्ध काहीच झालेले नाही, आणि जे सिद्ध नाही त्यावर आम्ही निवाडा देणार नाही. एवढे मात्र खरे की, विशीतल्या त्या तरुणाला हे आडनाव जन्मभर वागवायचे होते.

विल्यम यांनी अभ्यासात मन घातले. प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ हक्सले यांच्या हाताखाली ते शिकले. पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी लागली व तेथे प्रवाळांच्या संग्रहाचे काम त्यांच्याकडे आले. पण कपाटातली पांढरी, वाळलेली पोवळी म्हणजे नुसते सांगाडे. त्यांना जिवंत प्राणी पाहायचे होते. म्हणून 1872 साली ब्रायटन येथे नवे मत्स्यालय उघडले तेव्हा ते तेथे निसर्गतज्ज्ञ म्हणून गेले. नंतर मँचेस्टर, ग्रेट यार्मथ आणि लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथील मत्स्यालयांतही त्यांनी काम केले. मध्यंतरी 1875 साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली.

ही मत्स्यालयाची वर्षे म्हणजे त्यांची खरी शाळा होती. समुद्राचे पाणी टाकीत भरणे सोपे, पण ते पाणी दिवसेंदिवस एकसारखे ठेवणे कठीण. त्या काळच्या चांगल्या मत्स्यालयांत एक युक्ती असे. लोकांना दाखवायच्या टाक्यांखाली पाण्याचा फार मोठा, अंधारा साठा ठेवीत आणि पंपाने पाणी सतत वरखाली फिरवीत. पाणी जितके जास्त, तितका त्याचा गारवा, खारटपणा आणि स्वच्छपणा हळू बदलतो. आज घरच्या टाकीखाली जी दुसरी लहान टाकी ठेवतात, ती याच युक्तीची नात म्हणावी लागेल. परंतु मत्स्यालये ही धंद्याची ठिकाणे होती. मालकांना गर्दी व करमणूक हवी, तर सेव्हिल-केंट यांना अभ्यास हवा. त्यामुळे मतभेद होत आणि नोकऱ्या बदलत. याच धावपळीत त्यांनी सूक्ष्म जलजीवांवरचा आपला मोठा ग्रंथ 1880 ते 1882 या काळात प्रसिद्ध केला.

1884 साली हक्सले यांच्या शिफारशीने ते टास्मानियात मत्स्यखात्याचे प्रमुख होऊन गेले. तेथील कालवे बेसुमार काढल्यामुळे संपत आली होती. त्यांनी राखीव जागा करून कालवांची पैदास सुरू केली. मात्र एका गोष्टीत त्यांचे वाजले. इंग्लंडहून अंडी आणून तेथील नद्यांत सामन मासा रुजवल्याचा मोठा अभिमान काही वजनदार मंडळींना होता. सेव्हिल-केंट यांनी मासे तपासून सांगितले की हा सामन नव्हे, ट्राउट आहे. हे बोलणे कोणाला आवडणार? 1887 साली त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही.

दरम्यान, वीस वर्षांची कैद भोगून 1885 साली कॉन्स्टन्स सुटली आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला आली. तिने नाव बदलले व रूथ एमिली के या नावाने परिचारिकेचे शिक्षण घेतले. कुष्ठरोग्यांची सेवा केली, परिचारिकांच्या वसतिगृहाची प्रमुख झाली आणि 1944 साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ती वारली. जहाजातून उतरताना आपल्याही कित्येक पूर्वजांची नावे कागदावर बदलली आणि त्यांनी मागचे फारसे कोणाला सांगितले नाही. नव्या भूमीवर कष्टाने नवे आयुष्य उभे करणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना वेगळे सांगायला नको.

1889 साली सेव्हिल-केंट क्वीन्सलँडचे मत्स्य आयुक्त झाले. आता ग्रेट बॅरिअर रीफ त्यांच्या समोर होती. ही रीफ 2300 किलोमीटर लांब आहे. वर्षातील मोठ्या ओहोटीच्या मोजक्या दिवशी, थोडाच वेळ, पोवळी पाण्याबाहेर उघडी पडतात. ती वेळ साधून, त्या काळचा जड कॅमेरा व काचेच्या पट्ट्या घेऊन ते खडकांवर जात. जिवंत पोवळ्यांचे रंग छायाचित्रात येत नसत, म्हणून ते जलरंगांनी चित्रे काढीत. 1893 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने प्रवाळांचे ते जग घरोघरी पोहोचवले. बोवेन गावाजवळच्या स्टोन आयलंड येथील त्यांचे छायाचित्र आजही शास्त्रज्ञ पुढे ठेवतात. त्याच जागी उभे राहून नवे चित्र घ्यायचे आणि शंभर वर्षांत काय उरले व काय गेले ते ताडून पाहायचे, असा त्याचा उपयोग होतो.

1893 ते 1895 या काळात ते पश्चिम ऑस्ट्रेलियाचे मत्स्य आयुक्त होते. तेथील अब्रोलोस बेटांवर त्यांना एक नवल दिसले. ही बेटे आपल्या मॉरिशसपेक्षाही बरीच दक्षिणेला, तरीही तेथे उष्ण समुद्रातील पोवळी भरपूर. उत्तरेकडून उबदार पाण्याचा प्रवाह येत असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले, आणि ते खरे ठरले. पोवळे नकाशा पाहून जगत नाही, ते भोवतालचे पाणी पाहून जगते.

उजेडाचे कोडे मात्र त्यांच्या हयातीत पुरते सुटले नव्हते. 1928–29 साली मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेने लो आयल्स बेटांवर वर्षभर मुक्काम केला. त्यांनी काही पोवळी कित्येक महिने अंधाऱ्या पेट्यांत ठेवली. पोवळ्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शेवाळ अंधारात नाहीसे झाले व पोवळी पांढरी पडली. हे शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देते, हे पुढील संशोधनाने पक्के झाले. पाणी फार तापले तरी पोवळी हे शेवाळ सोडून देतात. ग्रेट बॅरिअर रीफवर 1998, 2002, 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 साली असे मोठ्या प्रमाणावर घडले.

घरी प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्याने म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्यात : उजेड आणि स्थैर्य. आता एलईडी दिवे मिळतात. निळसर छटा जास्त असलेला दिवा घ्यावा व तो घड्याळाच्या स्विचवर रोज आठ ते दहा तास, ठरल्या वेळी लावावा. नवे पोवळे एकदम दिव्याखाली ठेवू नये. आधी खाली, मंद उजेडात ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणावे. पाण्याचे तापमान 25–26 अंश सेल्सियस आणि मीठ दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम असावे. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेले पाणी रोज शुद्ध गोड पाण्यानेच भरून काढावे. तेथे खारे पाणी ओतले तर खारटपणा वाढतच जातो. पोवळे आपला सांगाडा पाण्यातल्या चुन्यापासून बांधते, तेव्हा कॅल्शियम दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आहे ना, हे अधूनमधून तपासावे. टाकी भरल्याबरोबर पोवळी आणू नयेत. घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. लहान टाकीपेक्षा मोठी टाकी सांभाळायला सोपी, हे आपण वर पाहिलेच. आपल्याकडे चक्रीवादळात वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असलेला बरा. आकडा थोडा इकडेतिकडे असला तर चालते, पण तो आज एक व उद्या दुसरा असला तर पोवळे मरते. आणि लगूनमधले जिवंत पोवळे मात्र उचलून घरी आणू नये. तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय आपल्याच किनाऱ्याची भिंत फोडण्यासारखे आहे.

शेवटच्या वर्षांत सेव्हिल-केंट पुन्हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला गेले. शिंपल्यात मोती तयार करण्याचे त्यांचे प्रयोग 1890 च्या सुमारास थर्सडे आयलंडवर सुरू झाले होते व अर्धगोल मोती त्यांना साधले होते. गोल मोती तयार करण्याची रीतही प्रथम त्यांनाच सापडली, असे काही अभ्यासक मानतात. पण ती त्यांनी गुप्त ठेवली. 11 ऑक्टोबर 1908 रोजी इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे त्यांचे निधन झाले. मिलफर्ड-ऑन-सी या गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले आणि कबर त्यांच्या आवडत्या पोवळ्यांनी सजवली.

लहानपणी घर स्थिर नव्हते, मोठेपणी नोकरी स्थिर नव्हती. तरी या गृहस्थांनी एका कामावरची नजर ढळू दिली नाही. पुढच्या रविवारी मुलाबाळांना घेऊन किनाऱ्यावर गेलात, तर लाटा फुटतात त्या पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवून त्यांची ही गोष्ट अवश्य सांगा.