अपंगांची माउली : डेम ॲग्नेस हंट

खेळतांना पाय दुखावला, तर घरीं कळूं नये म्हणून लंगडणें लपविणारे आपल्यांत कितीतरी आहेत. वेदना थांबली म्हणजे पाय बरा झाला, असें समजून दुसऱ्याच दिवशीं मैदान गाठणारेही थोडे नाहींत. अशा विद्यार्थिमित्रांनीं ॲग्नेस हंट या इंग्रज परिचारिकेचें चरित्र अवश्य ध्यानांत घ्यावें.

ॲग्नेसचा जन्म ३१ डिसेंबर १८६६ रोजीं लंडन येथें झाला. बालपण मात्र श्रॉपशायर परगण्यांतील बॅसचर्च गांवाजवळ गेलें. ती सुमारें दहा वर्षांची असतांना तिच्या रक्तांत विषार भिनला व तो खुब्याच्या हाडांत जाऊन बसला. मांडीच्या हाडाचा वाटोळा माथा कमरेच्या हाडाच्या खोबणींत जेथें फिरतो, तो खुब्याचा सांधा. तो बिघडला कीं उठणें, बसणें, चालणें, सर्वच कष्टाचें होतें. हें पंगुत्व ॲग्नेसला जन्मभर पुरलें. परंतु आईनें तिचे फाजील लाड केले नाहींत. इतर भावंडांसारखेंच तिला वाढविलें. आपलें दुःख कुरवाळीत बसावयाचें नाहीं, हा धडा तिला घरींच मिळाला.

लंगड्या मुलीनें रुग्णांची सेवा कशी करावी, ही शंका कोणासही येईल. तरी १८८७ सालीं वेल्समधील ऱ्हिल येथें मुलांच्या रुग्णालयांत तिनें परिचारिकेचें शिक्षण घेण्यास आरंभ केलाच.

१९०० सालीं ॲग्नेसबाईंनीं बॅसचर्च येथें आजारांतून उठलेल्या मुलांसाठीं एक विश्रांतिगृह काढलें. लवकरच तेथें पंगु मुलें येऊं लागलीं. त्यांना जिने चढवेनात, म्हणून बाहेर एका बाजूनें उघड्या अशा पडव्या उभारल्या आणि मुलें तेथेंच निजूं लागलीं. अडचणींतून निघालेली ही वाट हितकर ठरली. त्या काळीं मुलांच्या सांध्यांना क्षय होई व त्यावर औषध नव्हतें. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांति हाच आधार होता.

१९०३ सालीं बाई स्वतःच्या खुब्यासाठीं लिव्हरपूलचे शस्त्रवैद्य रॉबर्ट जोन्स यांच्याकडे गेल्या. जोन्स हे ह्यू ओवेन थॉमस यांच्या हाताखालीं तयार झालेले. दुखावलेल्या सांध्यास आधारपट्टी बांधून पूर्ण व दीर्घ विश्रांति द्यावी, ही थॉमस यांची शिकवण. १८७५ सालीं त्यांनीं खुबा, गुडघा व घोटा यांच्या विकारांवर ग्रंथही लिहिला होता. बाई आपल्या मुलांना आगगाडीनें जोन्स यांच्याकडे नेऊं लागल्या. पुढें जोन्स स्वतःच बॅसचर्चला येऊन शस्त्रक्रिया करूं लागले.

परंतु बाईंची खरी दृष्टि याच्याही पलीकडे गेली. बरें झालेलें मूल घरीं जाई, पट्टी सैल होई, कोणी पाहत नसे. आणि कित्येक महिन्यांचे श्रम मातीस मिळत. म्हणून त्यांनीं आसपासच्या गांवीं तपासणीचीं ठिकाणें उघडलीं. तेथें परिचारिका नियमानें जात, पट्ट्या पाहत व आईबापांना समजावून सांगत. शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नव्हे, हें त्यांनीं असें कृतीनें शिकविलें.

पहिल्या महायुद्धांत जायबंदी सैनिकही त्यांच्याकडे आले. १९२१ सालीं रुग्णालय जवळच्या ऑस्वेस्ट्री येथें मोठ्या जागेंत गेलें. १९२६ सालीं त्यांना डेम हा किताब मिळाला. तरी एक चिंता उरलीच होती: पाय सुधारला, पण पोटाचें काय? दयेवर जगणारा मनुष्य पूर्ण बरा झाला, असें बाई मानीत नसत. म्हणून १९२७ सालीं अपंग तरुणांना धंदे शिकविणारी डेर्वेन ही संस्था निघाली. २४ जुलै १९४८ रोजीं, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षीं, बाई निवर्तल्या. ऑस्वेस्ट्रीचें रुग्णालय आज जोन्स व हंट या दोघांचीं नांवें धारण करून उभें आहे. तेथें खुब्याच्या विकारांवर व खेळांतील दुखापतींवर उपचार होतात.

तेव्हां मुलांनो, दुखापत लपवूं नका. सांगितलेली विश्रांति व व्यायाम अर्ध्यावर सोडूं नका. आणि पालकहो, घरांत अपंग मूल असेल, तर त्यास केवळ माया देऊन थांबूं नका; त्याच्या हातीं विद्या आणि उद्योगही द्या. ॲग्नेसबाईंचा खुबा कधींच पूर्ण बरा झाला नाहीं. पण त्याच दुखण्यामुळें त्यांना दुसऱ्यांचें दुखणें कळलें, आणि हजारों मुलें आपल्या पायांवर उभीं राहिलीं.